केसपेपरावरील अक्षर आणि यंत्राचें वाचन

जळगांव किंवा धुळें येथील सरकारी रुग्णालयांत सकाळच्या वेळीं जो कोणी गेला असेल, त्यास केसपेपर म्हणजे काय हें निराळें सांगावयास नको. वर नांव, वय, गांव व तारीख; खालीं डॉक्टरांनीं घाईघाईनें लिहिलेल्या चार ओळी; आणि त्यांच्याखालीं औषधांचीं नांवें. हा कागद घेऊन रोगी औषधाच्या खिडकीपाशीं जातो, तेथून घरीं जातो, आणि पुढें तो कागद फळीवर, पत्र्याच्या पेटींत अथवा कापडी पिशवींत घडी होऊन पडतो. पुढील आजारांत तो सांपडला तर सांपडला. आणि सांपडला तरी त्यावरील अक्षर लागेलच असें नाहीं.

अशा हस्तलिखित कागदांची प्रतिमा घ्यावयाची, तींतील मजकूर संगणकाकडून वाचवून घ्यावयाचा आणि तो शोधतां येईल अशा रूपांत सांठवावयाचा, ही विद्या गेल्या कांहीं वर्षांत पुष्कळ पुढें आली आहे. ती कशी चालते, आपल्या खानदेशांत तिचा उपयोग कोणता, आणि तिजवर कोठें विसंबूं नये, हा या पाठाचा विषय आहे. विद्यार्थ्यांबरोबर पालकांनींही तो वाचावा अशी आमची इच्छा आहे. कारण घरांतले केसपेपर बहुधा त्यांच्याच हातीं असतात.

जुना कागद जपावा तरी कशासाठीं, असा प्रश्न कोणी विचारील. साध्या खोकल्यापडशाचा कागद फेकला गेला तर फारसें बिघडत नाहीं. परंतु कांहीं रोग जन्मभर सोबत करितात. सातपुड्याच्या पायथ्यास राहणाऱ्या भिल्ल, पावरा इत्यादि समाजांत सिकलसेल नांवाचा रक्ताचा रोग आढळतो. त्यांत तांबड्या रक्तपेशी गोल न राहतां विळ्यासारख्या वांकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि रोग्यास असह्य वेदना होतात. हा रोग संसर्गानें होत नाहीं. तो आईबापांकडून येतो. आई व बाप दोघेही केवळ वाहक असले तर त्यांच्या प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव चारांत एक, वाहक होण्याचा चारांत दोन, आणि मुळींच दोष नसण्याचा चारांत एक असतो. केंद्र सरकारनें १ जुलै २०२३ रोजीं या रोगाच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली असून ० ते ४० वर्षांच्या सात कोटि लोकांची तपासणी करण्याचें तिनें ठरविलें आहे. अशी तपासणी माणसाच्या आयुष्यांत एकदां झाली म्हणजे तिचें उत्तर बदलत नाहीं. म्हणून तो एक कागद पुढें विवाहाच्या वेळीं, बाळंतपणाच्या वेळीं व प्रत्येक दुखण्यांत लागतो.

आतां त्या कागदाचा प्रवास पाहा. नंदुरबार हा १ जुलै १९९८ पर्यंत धुळें जिल्ह्याचाच भाग होता, आणि तिकडील कठीण रोगी आजही धुळ्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे येतात. चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांतले रोगी जळगांवास जातात. तेथें २०१८ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. ऊसतोडीस गेलेलें कुटुंब हंगामभर भलत्याच जिल्ह्यांत किंवा गुजरातेंत असतें. एकाच रोग्याचे कागद अशा रीतीनें चार ठिकाणीं विखुरतात. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणें आंतररुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षें जपलेच पाहिजेत, आणि रोग्यानें मागितल्यास ते ७२ तासांच्या आंत दिले पाहिजेत. तीन वर्षांपुढें मात्र त्या नियमाचें बंधन नाहीं. रोग जन्माचा आणि कागदाची हमी तीन वर्षांची, असा हा व्यवहार आहे. वाळवी व पाऊस हीं तर तितकींही वाट पाहत नाहींत.

हस्ताक्षर लावण्याच्या कामीं धुळें शहराचें नांव महाराष्ट्रांत जुनें आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचा देहान्त ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यास झाला, आणि पुढच्याच वर्षीं त्यांच्या नांवानें तेथें संशोधन मंडळ स्थापन झालें. मोडी लिहिणारा टांक फारसा उचलीत नसे, दोन शब्दांमध्यें जागा सोडीत नसे, आणि ऱ्हस्वदीर्घाचा भेदही बहुधा पाळीत नसे. तरीही जाणता वाचक असा कागद लावतो. त्यास अक्षराचें वळण तर ठाऊक असतेंच. त्याशिवाय तो काळ, तीं माणसें, तीं गांवें आणि पत्राचा मायना हींही ठाऊक असतात. आणि जेथें अक्षर लागत नाहीं तेथें तो टिंबें देतो, किंवा शंकित शब्दापुढें कंसांत प्रश्नचिन्ह घालतो. ही शेवटची गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

मोडी कागदांचा आरोग्याशीं संबंध नाहीं असें मात्र कोणी समजूं नये. गांवोगांवच्या जन्ममृत्यूच्या ज्या जुन्या वह्यांस लोक कोतवाल बुक म्हणतात, त्यांत मृत्यूचें कारणही नोंदण्याची रीत होती. लिहिणारा कांहीं वैद्य नव्हे. त्यामुळें पटकी, देवी असे सर्वांच्या ओळखीचे रोग सोडले तर बाकी पुष्कळांच्या नांवापुढें नुसता ‘ताप’ दिसतो. सन २०२३ मध्यें कुणबी नोंदींच्या शोधासाठीं राज्य सरकारनें न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली, तेव्हां जिल्ह्याजिल्ह्यांतून अशीं पुस्तकें बाहेर निघालीं, त्यांच्या पानांच्या प्रतिमा घेण्यांत आल्या, आणि मोडी वाचणाऱ्यांस एकाएकीं मागणी आली. तो शोध जातीच्या नोंदीचा होता, रोगांचा नव्हता. परंतु प्रतिमा घेणें सोपें असून वाचणें कठीण, हें त्या वेळीं सर्वांच्या अनुभवास आलें.

तें कठीण काम यंत्र कसें करितें तें आतां पाहूं.

यंत्रास अक्षर दिसत नाहीं. त्यास संख्या दिसतात. कागदाची प्रतिमा म्हणजे बारीक चौकोनी घरांची एक जाळी, आणि प्रत्येक घरास त्याच्या काळेपणाप्रमाणें एक आंकडा. सन १९८९ मध्यें अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत यान लकून व त्यांचे सहकारी यांनीं टपालाच्या पाकिटांवरील हातानें लिहिलेले आंकडे (आपल्या पिनकोडासारखे) यंत्राकडून वाचवून घेतले. पुढें १९९८ च्या सुमारास अशाच आंकड्यांचा एक सांठा अभ्यासासाठीं खुला झाला. त्यांतील प्रत्येक आंकडा २८ आडव्या व २८ उभ्या घरांत, म्हणजे ७८४ घरांत, बसविलेला आहे. शिकविण्यासाठीं ६०,००० नमुने आणि परीक्षेसाठीं १०,००० नमुने आहेत. यंत्रास कोणी नियम सांगत नाहीं कीं, वर एक वाटोळें व खालीं एक वाटोळें म्हणजे आठ. त्यास नमुना दाखवावयाचा, उत्तर विचारावयाचें, आणि उत्तर चुकल्यास त्याच्या आंतील सहस्रावधि गुणकांत किंचित् फेरफार करावयाचा. असें लक्षावधि वेळां केलें म्हणजे तें यंत्र पूर्वीं न पाहिलेला आंकडाही बहुधा ओळखतें. त्याचें उत्तर गुणांच्या रूपानें येतें: समजा, आठ असण्याचा संभव शेंकडा ७०, तीन असण्याचा २०, बाकीचे मिळून १०. या गुणांकडे न पाहतां नुसतें ‘आठ’ एवढेंच जो उचलतो, तो पुढें फसतो.

देवनागरीची गोष्ट याहून अवघड आहे. छापील मजकुरांत शिरोरेषा हा मोठा आधार असतो. ओळींतील सर्वांत काळी आडवी पट्टी तीच शिरोरेषा. ती पुसली कीं अक्षरें सुटीं होतात, वरच्या मात्रा वर व उकार खालीं राहतात. हस्ताक्षरांत हा आधार तुटतो. कोणी शिरोरेषा काढीतच नाहींत, कोणी सगळ्या ओळीवर एकच दोरी ताणतात. म्हणून आतांशा यंत्र अक्षरें सुटीं करण्याच्या भरीस न पडतां सारा शब्द डावीकडून उजवीकडे पट्टीपट्टीनें पाहतें आणि मागें काय दिसलें त्याची आठवण ठेवून पुढचें ठरवितें. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनींत १९८५ च्या सुमारास सुरू झालेली व २००५ मध्यें सर्वांस खुली झालेली टेसरॅक्ट नांवाची प्रणाली मराठी वाचते, परंतु ती छापील मराठी. हातच्या देवनागरीसाठीं निराळें शिक्षण लागतें. हैदराबाद येथील एका संस्थेंतील संशोधकांनीं २०१८ मध्यें त्यासाठीं सुमारें ९५ हजार शब्दांचा नमुनासंग्रह प्रसिद्ध केला. पण तो बारा माणसांच्या हातचा आहे. बारा हातांवर शिकलेल्या यंत्रापुढें तेरावा हात आला म्हणजे काय होईल, याचा तर्क ज्यानें शाळेंत शेजाऱ्याची वही वाचण्याचा यत्न केला आहे त्यास करतां येईल.

आतां हें यंत्र केसपेपरापुढें उभें करा. येथें इंग्रजी व मराठी एकाच ओळींत नांदतात. रोग्याचें नांव मराठींत, औषध इंग्रजींत, आंकडे कधीं या लिपीचे तर कधीं त्या. मराठी ४ घाईनें लिहिला तर इंग्रजी आठाशीं त्याचा घोटाळा होतो. मराठी १ हा इंग्रजी नवासारखा दिसतो. यंत्रास पानाची लिपी कोणती हें प्रत्येक शब्दागणिक नव्यानें ठरवावें लागतें, आणि आंकड्याच्या बाबतींत तें ठरविण्यास दुसरा पुरावा नसतो.

संक्षेपांची तर निराळीच भाषा आहे. ओडी म्हणजे दिवसांतून एकदां, बीडी म्हणजे दोनदां, टीडीएस म्हणजे तीनदां, एचएस म्हणजे निजतांना, एसओएस म्हणजे लागल्यासच. हीं सारीं लॅटिन शब्दांचीं आद्याक्षरें होत. पण डोळ्यांच्या डॉक्टरांनीं लिहिलेला ओडी म्हणजे उजवा डोळा! तींच दोन अक्षरें, आणि अर्थ अगदींच भिन्न. तसेंच १-०-१ हें लेखन आपल्याकडे लहान मुलासही कळतें: सकाळीं एक, दुपारीं नाहीं, रात्रीं एक. मधल्या दोन रेघा फिकट असल्या तर यंत्र त्यास १०१ वाचतें. आणि हा आंकडा तापाचाही असूं शकतो. प्रतिमा स्वच्छ करण्याची एक क्रिया असते, तींत धुळीचे बारीक ठिपके पुसले जातात. त्या ठिपक्यांबरोबर एखादें दशांशचिन्हही पुसलें गेलें, तर ०.५ चे ५ होतात, म्हणजे औषध दसपट. मराठी शब्दांतील अनुस्वारही याच केरसुणीनें झाडला जातो. पण त्यानें कोणाचा प्राण जात नाहीं.

प्राण जातो ही अतिशयोक्ति नव्हे, आणि त्यास यंत्रच लागतें असेंही नाहीं. अमेरिकेंतील टेक्सास राज्यांत ओडेसा म्हणून एक शहर आहे. तेथें १९९५ मध्यें एका डॉक्टरांनीं हृदयविकाराच्या रोग्यास आयसॉर्डिल हें औषध लिहून दिलें. औषधविक्रेत्यानें तें प्लेंडिल असें वाचलें, आणि तें औषध त्याच्या योग्य प्रमाणाच्या कितीतरी पट पोटांत जाऊन रोगी दगावला. सन १९९९ मध्यें ज्यूरीनें लिहिणारा व वाचणारा दोघांसही जबाबदार धरलें. आपल्याकडेही २०१६ पासूनच्या नियमांत डॉक्टरांनीं औषधांचीं मूळ नांवें सुवाच्य, व शक्यतों मोठ्या इंग्रजी अक्षरांत, लिहावीं असें सांगितलें आहे.

येथें एक उदाहरण गणिताच्या तासास सोडविण्यासारखें आहे. एखादें यंत्र शंभरांत ९५ अक्षरें बरोबर वाचतें असें धरा. ऐकावयास हें मोठें यश वाटतें. परंतु हजार अक्षरांच्या पानांत त्या मानानें ५० चुका झाल्या. आणि सहा अक्षरांचा शब्द संपूर्ण बरोबर येण्याचा संभव किती? ०.९५ चा सहावा घात काढा, उत्तर ०.७३५ च्या जवळपास येतें. म्हणजे सहा अक्षरी शब्दांपैकीं चारांत एक शब्द कोठें ना कोठें चुकलेला. औषधांचीं नांवें तर बहुधा सहा अक्षरांहून लांब.

यावर यंत्र करणारे एक उपाय योजतात. वाचलेला शब्द शब्दकोशाशीं ताडून पाहावयाचा, आणि न जुळल्यास जवळचा शब्द घ्यावयाचा. यानें पुष्कळ चुका सुधारतात हें खरें. परंतु कोशांत जें नाहीं, किंवा जें क्वचित् येतें, त्याच्या जागीं ओळखीचें व नेहमींचें येऊन बसतें. अनोळखी औषध असें परिचित औषध होतें. पावऱ्याचें आडनांव पाटील होऊन बसण्याचा धोका राहतो. अलीकडे चित्र व भाषा दोन्हींवर शिकविलेल्या ज्या मोठ्या प्रणाली निघाल्या आहेत, त्या सारें पान एकदम वाचतात व फार सफाईनें वाचतात. त्यांची चूक अधिक फसवी असते, कारण ती अशुद्ध दिसत नाहीं. कागदावर नसलेलें वाक्यही त्या कधीं कधीं शुद्ध भाषेंत लिहून देतात. औषधाच्या खिडकीमागील माणूस अडला म्हणजे चष्मा वर करून ‘हें काय लिहिलें आहे हो?’ असें विचारतो. यंत्र स्वभावतः अडत नाहीं. त्यास अडावयास शिकवावें लागतें.

कोश जेथें काडीइतकाही उपयोगी पडत नाहीं असें एक स्थळ आमच्या या प्रांताचेंच आहे. सिकलसेलच्या तपासणीचें उत्तर दोन इंग्रजी अक्षरांत लिहितात. एए म्हणजे निर्दोष, एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे रोगी. तिन्ही उत्तरें खरीं असूं शकतात, तिन्ही कोशांत आहेत, आणि शेजारच्या शब्दांवरून कोणतें बरोबर हें सांगतां येत नाहीं. परिचारिकेनें शंभरावें कार्ड लिहितांना पहिल्या अक्षरास वळण दिलें कीं वाहकाचा रोगी होतो. रोग्याचा वाहक झाला तर त्याहून वाईट, कारण ज्या मुलास नियमित औषध मिळावयाचें तें त्याचें बंद पडतें, आणि त्याच्या वेदनांस कोणी साधी अंगदुखी म्हणतें. सारें पान बरोबर वाचून हें एक अक्षर चुकणारें यंत्र, शेंकडा ९९ गुण मिळवूनही, त्या मुलापुरतें नापासच होय.

मग हें यंत्र टाकून द्यावें काय? आमचें मत तसें नाहीं. वाचन कशासाठीं हवें आहे, हा खरा प्रश्न आहे. दहा हजार कागदांच्या ढिगांतून अमक्या गांवच्या, अमक्या वयाच्या मुलींचीं कार्डें शोधून काढावयाचीं असतील, तर चुकतमाकत वाचणारें यंत्रही माणसाचे महिने वांचवितें. तें ढिगांतून शंभर कागद पुढें काढील. त्यांतले दहा चुकीचे निघाले तरी माणूस ते बाजूस सारील. न सांपडलेल्या कार्डांची खंत राहील हें खरें, परंतु आज तर सारींच कार्डें न सांपडलेलीं आहेत. शोधण्यासाठीं यंत्राचें वाचन पुरतें. औषध देण्यासाठीं मूळ अक्षरच पाहिलें पाहिजे. म्हणून वाचलेल्या मजकुराशेजारीं मूळ पानाची प्रतिमा नेहमीं जोडलेली असावी, आणि बोट ठेवतांच ती उघडावी.

त्याबरोबर धुळ्याच्या संशोधकांची ती जुनी रीत यंत्रासही लावावी. वर सांगितलेले गुण यंत्रापाशीं असतातच. ज्या शब्दास गुण कमी, तो पिवळा करून माणसापुढें ठेवावा. औषधाचें नांव, त्याचें प्रमाण, आणि तपासणीचीं वर सांगितलेलीं दोन अक्षरें, यांस तर गुण कितीही असोत, माणसाची नजर पडलीच पाहिजे. आणि ती नजर वैद्यकाचें ज्ञान असलेल्याची हवी, नुसत्या जलद टंकलेखकाची नव्हे. गूगल कंपनीनें डिसेंबर २०२२ मध्यें दिल्लीस औषधविक्रेत्यांच्या साहाय्यानें डॉक्टरांचें अक्षर वाचणारें यंत्र तयार करीत असल्याचें जाहीर केलें, तेव्हां केवळ त्याच्या वाचनावरून कोणताही निर्णय घेतला जाणार नाहीं असें तिनेंही सांगितलें होतें.

पुढें लिहावयाच्या कागदांस एक स्वस्त उपाय आहे. एए, एएस, एसएस हे तीन छापील चौकोन कार्डावर असावेत आणि परिचारिकेनें त्यांतील एकावर फुली करावी. फुली वाचण्यास फार विद्वान् यंत्र लागत नाहीं. आंकड्यांसही एकेक घर आंखून द्यावें.

आणखी एका गोष्टीविषयीं पालकांस सांगणें अवश्य आहे. केंद्र सरकारच्या आयुष्मान भारत डिजिटल मोहिमेंत (ती देशभर २७ सप्टेंबर २०२१ रोजीं सुरू झाली) प्रत्येकास चौदा आंकड्यांचा आभा क्रमांक मिळतो व त्यास आपले आरोग्याचे कागद जोडतां येतात. ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबास याचा उपयोग उघड आहे. पण जें शोधावयास सोपें झालें तें पाहावयासही सोपें झालें. मुलगी वाहक आहे ही वार्ता गांवांत फुटली तर तिच्या विवाहाची काय अवस्था होते, हें सातपुड्याकडील शिक्षकांस ठाऊक आहे. सन २०२३ च्या वैयक्तिक माहितीसंरक्षणाच्या कायद्यानें कागदावर घेऊन पुढें संगणकांत आणलेल्या माहितीसही आपल्या कक्षेंत घेतलें आहे. तेव्हां शेजाऱ्याचा केसपेपर मौज म्हणून कोणत्याही फुकट वाचकयंत्रास दाखवूं नये. तो कागद आपला नव्हे.

स्वतःच्या घरचे कागद मात्र या सुट्टींत विद्यार्थ्यांनीं अवश्य लावावेत. माणसागणिक एक पाकीट करावें आणि त्यांत कागद तारखेच्या क्रमानें ठेवावे. प्रतिमा घ्यावयाची तर कागद सपाट करून, खिडकीच्या उजेडांत, आपली सावली पडूं न देतां, चारही कोपरे दिसतील अशी घ्यावी. आजी किंवा आजोबा जवळ असतील तर हा कागद कोणत्या दुखण्याचा व त्या वेळीं कोणतें औषध सोसलें नाहीं, हें त्यांना विचारून निराळ्या चिठीवर सुवाच्य लिहावें. मूळ कागदावर आपली लेखणी चालवूं नये. प्रतिमा घेतली म्हणून मूळ कागद फेकूं नये. आणि पान उलटून पाहावें. रक्ताच्या तपासणीचे आंकडे पुष्कळदां केसपेपराच्या मागील बाजूसच लिहिलेले असतात.